यजमानाचा सामना

अमेरिकेतल्या विद्यापीठांचा फुटबॉल हंगाम संपला की डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत निरनिराळ्या शहरांत जे निमंत्रितांचे सामने होतात, त्यांना बाऊल म्हणतात. हा फुटबॉल म्हणजे अंडाकृती चेंडू हातात घेऊन समोरची फळी फोडत पुढे सरकण्याचा, अंगाला अंग भिडवणारा अमेरिकन खेळ. त्याच्या सर्वांत वरच्या विभागात १३० हून अधिक विद्यापीठांचे संघ आहेत. ऑगस्टच्या अखेरीपासून प्रत्येक संघ साधारण १२ सामने खेळतो. त्यांतले बहुतेक सामने आपल्याच कॉन्फरन्समधल्या, म्हणजे विद्यापीठांनी मिळून बांधलेल्या गटातल्या संघांशी होतात. १२ पैकी ६ सामने जिंकलेला संघ बाऊलला पात्र ठरतो. बाऊलची संख्या आता चाळीसच्या आसपास असल्याने निम्म्याहून अधिक संघांना कुठून ना कुठून बोलावणे येते.

जगातल्या बहुतेक खेळांत हंगामाअखेरची लढत खेळ चालवणाऱ्या संस्थेच्या मालकीची असते आणि तिच्यातून विजेता ठरतो. बाऊलचे तसे नाही. बाऊल भरवणारी संस्था दोन्ही विद्यापीठांच्या बाहेरची असते. ती बहुतेक वेळा एखाद्या शहरातल्या व्यापारी, हॉटेलवाल्या आणि प्रतिष्ठित नागरिकांची समिती असते. सामना कधी, कुठे, कोणात आणि कोणाच्या नावाने व्हायचा, हे दीर्घकाळ या यजमानाने ठरवले. शंभर वर्षांत बाऊलवर जे आक्षेप घेतले गेले, म्हणजे विजेता नीट ठरत नाही, संघांची निवड मनमानी असते, पैसा भलत्याच खिशात जातो, त्या सगळ्यांचे मूळ याच मालकीत आहे. बाऊलचे जे काही वैभव होते त्याचे मूळही तिथेच आहे. यजमानाची सत्ता कशी उभी राहिली आणि कशी ओसरली, हे पाहिले की आज या सामन्यांना घरघर का लागली आहे ते कळते.

या प्रथेचा उगम कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेना गावचा. देशाच्या पूर्वेकडून आणि मध्यभागातून येऊन तेथे स्थायिक झालेल्या सुखवस्तू लोकांच्या व्हॅली हंट क्लबने १८९० च्या १ जानेवारीला फुलांनी सजवलेल्या गाड्यांची मिरवणूक काढली. न्यूयॉर्क आणि शिकागो बर्फाखाली असताना येथे गुलाब फुलतात, हे देशाला दाखवायचे हा तिचा हेतू होता. गाव वाढावे, जमिनी विकल्या जाव्यात, हिवाळ्यात पाहुणे यावेत, या हिशेबात फुटबॉलचा पत्ता नव्हता. तो आला १९०२ साली, मिरवणुकीला गर्दी खेचण्यासाठी. त्या दिवशी मिशिगनने स्टॅनफर्डला ४९–० असे इतके झोडपले की स्टॅनफर्डने वेळ संपण्याआधीच हार मानली. सामना एकतर्फी झाल्याने आयोजकांनी फुटबॉल सोडून दिला. त्याच्या जागी पुढे रथांच्या शर्यती आल्या आणि १९१५ पर्यंत चालल्या. फुटबॉल परतला १९१६ मध्ये, वॉशिंग्टन स्टेट आणि ब्राऊन या विद्यापीठांच्या सामन्याने. उत्सव कायम होता, त्यातला खेळ बदलत होता. यजमानाला खेळापेक्षा पाहुणे महत्त्वाचे होते, हे यापेक्षा उघडपणे दिसणे कठीण.

गर्दी वाढत गेली तेव्हा पॅसाडेनाने दरीत मोठे क्रीडागार बांधले. येल विद्यापीठात १९१४ साली उभ्या राहिलेल्या वाडग्यासारख्या क्रीडागाराचा नमुना समोर होता. १९२२ मध्ये खुल्या झालेल्या या वास्तूचे नाव पडले रोझ बाऊल, आणि १९२३ पासून सामनाही त्याच नावाने ओळखला जाऊ लागला. १९२७ मध्ये त्याचे रेडिओवरून देशाच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत प्रक्षेपण झाले, १९५२ मध्ये तो देशभर दूरचित्रवाणीवर दिसला. १९७३ च्या सामन्याला १,०६,८६९ प्रेक्षक हजर होते. दुपारी उशिरा सुरू होणाऱ्या सामन्याच्या उत्तरार्धात सॅन गॅब्रिएल डोंगरांवर पडणारे मावळतीचे ऊन कॅमेऱ्यातून थंडीत कुडकुडणाऱ्या घराघरांत पोचत असे. पॅसाडेनाला याहून चांगली जाहिरात कोणी पैसे देऊनही करून दिली नसती.

मंदीच्या काळात इतर गावांनी हा धडा गिरवला. मायामीत जमिनींचा फुगा फुटला होता, १९२६ च्या वादळाने शहर मोडले होते. तेथे १९३५ च्या १ जानेवारीला ऑरेंज बाऊल सुरू झाला. त्याच दिवशी न्यू ऑर्लीन्समध्ये शुगर बाऊल सुरू झाला. त्याची कल्पना एका स्थानिक वृत्तपत्राच्या क्रीडा संपादकाने काही वर्षे लावून धरली होती. टेक्सासमधल्या एल पासोचा सन बाऊलही त्याच वर्षीचा. १९३७ मध्ये डॅलसमधल्या एका तेल व्यावसायिकाने स्वतःचे पैसे घालून कॉटन बाऊल उभा केला. संत्री, साखर, कापूस, ऊन ही नावेच सांगतात की हे सामने आपापल्या प्रदेशाचा माल बाजारात मांडत होते. बोलावलेला संघ आणि त्याच्यामागून आलेले हजारो समर्थक चार-पाच दिवस राहावेत, जेवावेत, खरेदी करावी, यावर सगळा हिशेब बेतलेला होता. म्हणून समितीच्या दृष्टीने उत्तम पाहुणा म्हणजे ज्याचे चाहते दूरवरून येतील आणि हात सैल सोडतील असा संघ. तो देशातला उत्तम संघ असेलच असे नव्हते.

विद्यापीठांना हे निमंत्रण कधीच पूर्णपणे पचले नाही. नोत्र दाम विद्यापीठाने १९२५ चा रोझ बाऊल जिंकला आणि त्यानंतर १९६९ च्या हंगामापर्यंत एकाही बाऊलला होकार दिला नाही. मध्य-पश्चिमेतल्या बलाढ्य बिग टेन गटाने १९२१ नंतर सुमारे पाव शतक बाऊलपासून अंतर राखले. १९४७ च्या सामन्यापासून पॅसिफिक किनाऱ्यावरच्या गटाशी करार करून आपला विजेता रोझ बाऊलला पाठवायला त्याने सुरुवात केली, आणि इतर बाऊलची दारे आपल्या संघांना १९७५ च्या हंगामापर्यंत बंदच ठेवली. १९६१ मध्ये ओहायो स्टेटच्या प्राध्यापकांच्या मंडळाने २८ विरुद्ध २५ मतांनी रोझ बाऊलचे निमंत्रण नाकारले, तेव्हा विद्यार्थी रस्त्यावर उतरले. फुटबॉलमुळे विद्यापीठाची ओळख झाकोळते, हा प्राध्यापकांचा मुद्दा होता. एका दूरच्या गावाच्या पर्यटनासाठी विद्यार्थ्यांनी परीक्षेच्या तोंडावर आणखी महिनाभर सराव का करावा, या प्रश्नाचे उत्तर तेव्हाही कोणाजवळ नव्हते. ते देण्याची गरज मात्र हळूहळू उरली नाही, कारण पैसा आणि प्रसिद्धी या दोन्हींनी प्राध्यापकांची मंडळे बाजूला सारली.

यजमानाच्या सत्तेची सर्वांत काळी बाजू वर्णभेदाची. दक्षिणेतल्या शहरांत होणाऱ्या बाऊलमध्ये उत्तरेकडचा संघ येणार असेल, तर त्याने आपले कृष्णवर्णीय खेळाडू घरी ठेवावेत अशी अट सरसकट मानली जाई. १९४० च्या कॉटन बाऊलमध्ये बॉस्टन कॉलेजने लू माँटगोमेरी या खेळाडूला उतरवले नाही. १९४८ मध्ये पेन स्टेटने ही अट धुडकावली आणि वॉलेस ट्रिपलेट व डेनी हॉगार्ड हे त्याच मैदानावर खेळले. १९५१ साली सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाचा संघ नऊच्या नऊ सामने जिंकूनही निमंत्रणाविना राहिला. ओली मॅटसन आणि बर्ल टोलर या दोन कृष्णवर्णीय खेळाडूंना मागे ठेवायला संघ तयार नव्हता, हे त्यामागचे कारण सांगितले जाते. पैशाअभावी त्या हंगामानंतर विद्यापीठाने फुटबॉलच बंद केला.

१९५६ च्या शुगर बाऊलमध्ये पिट्सबर्गचा बॉबी ग्रिअर खेळणार हे कळताच जॉर्जियाचे गव्हर्नर मार्विन ग्रिफिन यांनी जॉर्जिया टेकने सामन्यावर बहिष्कार घालावा अशी मागणी केली. जॉर्जिया टेकचे विद्यार्थीच गव्हर्नरच्या निवासस्थानावर चालून गेले. ग्रिअर खेळला, आणि त्या बाऊलमध्ये उतरलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला. मात्र त्याच वर्षी लुइझियाना राज्याने वेगवेगळ्या वर्णांच्या खेळाडूंनी एकत्र खेळण्यास बंदी घालणारा कायदा केला. पाहुण्याच्या पंक्तीला कोण बसणार हे यजमान ठरवतो, या रूढीचा हा शेवटचा टोकाचा अर्थ होता. नागरी हक्कांचा रेटा आणि न्यायालये यांच्यामुळे ती संपली. बाऊलच्या समित्यांनी आपणहून ती मोडली, असे फार थोड्या ठिकाणी म्हणता येईल.

आता विजेत्याचा प्रश्न. या विभागात देशाचा विजेता कोण हे खेळाची मध्यवर्ती संघटना अधिकृतपणे ठरवत नाही. १९३६ पासून असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था पत्रकारांच्या मतांवरून क्रमवारी काढू लागली आणि १९५० पासून प्रशिक्षकांचीही क्रमवारी सुरू झाली. या क्रमवाऱ्यांत पहिला आलेला संघ विजेता मानला जाई, आणि अंतिम मतदान दीर्घकाळ बाऊलच्या आधीच उरके. त्यामुळे विलक्षण प्रसंग घडत. १९५० चा विजेता ओक्लाहोमा शुगर बाऊलमध्ये केंटकीकडून हरला, १९६४ चा विजेता अलाबामा ऑरेंज बाऊलमध्ये टेक्सासकडून हरला, आणि दोघांचेही विजेतेपद शाबूत राहिले. पत्रकारांनी १९६८ पासून मतदान कायमचे बाऊलनंतर नेले. प्रशिक्षक तरीही थांबले नाहीत. १९७३ मध्ये त्यांनी अलाबामाला विजेता घोषित केले आणि त्यानंतर अलाबामाने नोत्र दामकडून २४–२३ अशी हार पत्करली. पुढच्या हंगामात त्यांनीही रीत बदलली.

आजच्या वाचकाला हा वेडेपणा वाटेल, पण तो सुसंगत होता. बाऊल हा हंगामानंतरचा सोहळा आहे, त्यात काही सिद्ध करायचे नाही, अशी तोवरची समजूत होती. मतदान पुढे सरकले तसा सोहळा परीक्षा झाला. या परीक्षेत एक अडचण होती. पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकाचे संघ समोरासमोर येतीलच याची कोणतीही हमी नव्हती, कारण प्रत्येक मोठ्या बाऊलने कोणत्या ना कोणत्या गटाच्या विजेत्याशी आधीच करार केला होता. १९८४ मध्ये ब्रिगम यंग विद्यापीठ एकही सामना न हरता पहिल्या क्रमांकावर होते, आणि आपल्या गटाच्या करारानुसार सॅन डिएगोच्या हॉलिडे बाऊलमध्ये खेळले. समोर होता मिशिगन, सहा विजय आणि पाच पराभव गाठीशी असलेला. त्याला हरवून ब्रिगम यंग देशाचा विजेता झाला.

ही फट पहिल्यांदा ओळखली ॲरिझोनातल्या फिएस्टा बाऊलने. जुन्या बाऊलसारखे कोणत्याही मोठ्या गटाशी त्याचे बंधन नव्हते. १९८६ च्या हंगामात मायामी आणि पेन स्टेट हे पहिले दोन संघ कोणत्याही गटात नव्हते. फिएस्टाने दोघांना बोलावले, सामना १ जानेवारीऐवजी २ जानेवारीच्या रात्री ठेवला आणि पेन स्टेटच्या १४–१० अशा विजयाला प्रचंड प्रेक्षकवर्ग मिळाला. त्याच सुमारास सामन्याच्या नावापुढे प्रायोजक कंपनीचे नाव लावण्याची सुरुवातही फिएस्टाने केली. नव्या यजमानाने जुन्यांना दाखवून दिले की गावातल्या हॉटेलांपेक्षा दूरचित्रवाणी मोठी गिऱ्हाईक आहे, आणि तिला विजेता ठरवणारी लढत हवी आहे.

पुढची तीसहून अधिक वर्षे म्हणजे त्या मागणीपुढे जुन्या यजमानांनी टप्प्याटप्प्याने सोडलेली जमीन. १९९० आणि १९९१ अशी सलग दोन वर्षे दोन-दोन विजेते घोषित झाले, तेव्हा १९९२ मध्ये काही बाऊल आणि गटांनी युती केली. रोझ बाऊल तिच्या बाहेर राहिला. त्याचा परिणाम १९९७ मध्ये दिसला. मिशिगन आणि नेब्रास्का दोघेही अपराजित होते. मिशिगन करारानुसार पॅसाडेनाला गेला, नेब्रास्का मायामीला गेला, दोघेही जिंकले आणि विजेतेपद वाटले गेले. १९९८ पासून रोझ बाऊललाही सामील करून बीसीएस ही व्यवस्था आली. मतदान आणि संगणकीय क्रमवारी यांच्या बेरजेतून ती दोन संघ निवडे. २००३ मध्ये तिने लुइझियाना स्टेटला विजेता केले, तर पत्रकारांनी सदर्न कॅलिफोर्नियाला. २००४ मध्ये अपराजित ऑबर्न बाहेर राहिला. २०१४ च्या हंगामापासून चार संघांची बाद फेरी सुरू झाली, २०२४ पासून ती बारा संघांची झाली.

बारा संघांच्या बाद फेरीसाठी जो अडथळा सर्वांत शेवटी दूर झाला तो रोझ बाऊलचाच. नव्या वर्षाच्या दिवशी दुपारची ठरलेली वेळ आपल्याला कायम मिळावी, हा पॅसाडेनाचा आग्रह होता. २०२२ च्या अखेरीस त्याने तो सोडला. आता सहा मोठे बाऊल, रोझ, शुगर, ऑरेंज, कॉटन, फिएस्टा आणि अटलांटाचा पीच, उपांत्यपूर्व आणि उपांत्य फेरीच्या सामन्यांची ठिकाणे आहेत. कोणता संघ येणार हे निवड समिती आणि आधीच्या फेरीचा निकाल ठरवतात. १ जानेवारी २०२५ च्या रोझ बाऊलमध्ये ओहायो स्टेटने ओरेगनला ४१–२१ असे हरवले. पॅसिफिक किनाऱ्यावरचा गट फुटून ओरेगन त्याच मोसमात बिग टेनमध्ये गेलेला असल्याने दोन्ही संघ एकाच गटाचे होते. दोन टोकांच्या दोन प्रदेशांना समोरासमोर आणणे हा त्या सामन्याचा पाऊणशे वर्षांचा मूळ अर्थ होता. मिरवणूक निघाली, गुलाब होते, डोंगर जागेवर होते, पण यजमानाची भूमिका मैदान भाड्याने देणाऱ्याइतकी उरली होती.

या बदलाचे समर्थन सोपे आहे आणि ते बरोबरही आहे. विजेता मैदानावर ठरावा, हॉटेलच्या खोल्यांवरून ठरू नये. लहान गटातल्या विद्यापीठांना जुन्या व्यवस्थेत विजेतेपदाचा मार्ग जवळजवळ बंदच होता. २००७ च्या फिएस्टा बाऊलमध्ये बॉइझी स्टेटने ओक्लाहोमाला जादा वेळेत ४३–४२ असे हरवून एकही पराभव न घेता हंगाम संपवला, तरी विजेतेपदाच्या सामन्यापर्यंत ते पोचू शकले नाहीत. सेंट्रल फ्लोरिडाने १ जानेवारी २०१८ ला पीच बाऊलमध्ये ऑबर्नला नमवून तेराच्या तेरा सामने जिंकले आणि नाइलाजाने स्वतःच स्वतःला विजेते म्हणवून घेतले. बारा संघांच्या बाद फेरीने हा अन्याय पूर्ण मिटवला नसला, तरी दार उघडले आहे.

तरीही बाद फेरीची एक किंमत आहे, आणि तिचा हिशेब क्वचितच मांडला जातो. बाद फेरीत एक सोडून प्रत्येक संघाचा हंगाम पराभवाने संपतो. बाऊलच्या व्यवस्थेत चाळीस संघ जिंकून घरी जात. ज्या विद्यापीठाला देशाचा विजेता होण्याची आशा पिढ्यान्‌पिढ्या नाही, त्याच्या खेळाडूंना एक दूरचे शहर, एक मोठे मैदान आणि जिंकून संपलेला हंगाम मिळे. प्रशिक्षकाला सुमारे पंधरा दिवसांचा जादा सराव मिळे, त्यात पुढच्या वर्षीची तरुण मुले तयार होत. हा आनंद विजेतेपदावर अवलंबून नव्हता. एकदा सगळ्या चर्चेचा काटा बाद फेरीवर स्थिरावला की तिच्याबाहेरचा प्रत्येक सामना सांत्वनपर ठरतो, आणि सांत्वनासाठी कोणी जीव तोडून खेळत नाही.

याचा सर्वांत बोलका पुरावा २०२३ मध्ये मिळाला. फ्लोरिडा स्टेटने तेराही सामने जिंकले होते, पण मुख्य क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू, जॉर्डन ट्रॅव्हिस जखमी झाल्यावर निवड समितीने त्यांना चार संघांत घेतले नाही. त्यांना ऑरेंज बाऊलचे निमंत्रण मिळाले. पूर्वी हा मोठा सन्मान मानला गेला असता. संघातले वीसहून अधिक खेळाडू उतरले नाहीत आणि जॉर्जियाने तो सामना ६३–३ असा जिंकला. २०२५ च्या डिसेंबरात नोत्र दामला बाद फेरीत स्थान नाकारले गेले, तेव्हा विद्यापीठाने बाऊल खेळायलाच नकार दिला. शतकापूर्वी शिक्षणाच्या नावाने दिलेला नकार आता प्रतिष्ठेच्या नावाने आला.

खेळाडूंनी अंग काढून घेणे हा आळस नव्हे, तो हिशेब आहे. १ जानेवारी २०१६ च्या फिएस्टा बाऊलमध्ये नोत्र दामच्या जेलन स्मिथचा गुडघा निकामी झाला आणि व्यावसायिक लीगच्या निवडीत तो पहिल्या फेरीतून दुसरीत घसरला. त्याच वर्षाच्या अखेरीस स्टॅनफर्डचा क्रिस्टियन मॅकॅफ्री आणि लुइझियाना स्टेटचा लेनर्ड फोर्नेट यांनी आपापले बाऊल खेळण्यास नकार दिला. त्यांच्यावर टीका झाली, पण दोघेही पुढच्या निवडीत पहिल्या दहांत गेले आणि त्यांचा मार्ग रुळला. त्यानंतर विद्यापीठ बदलण्याचे नियम सैल झाले, आणि हंगाम संपताच बाऊलच्या तयारीच्या दिवसांतच शेकडो खेळाडू नवीन संघ शोधू लागले.

येथे यजमानीचे जुने दुखणे उघडे पडते. जत्रेतल्या कुस्त्यांच्या फडात यात्रा कमिटी इनाम पैलवानाच्या हातात देते. बाऊलच्या समितीने ते कधीच खेळाडूच्या हातात दिले नाही. पैसा विद्यापीठांच्या गटांना गेला, बाऊलच्या अधिकाऱ्यांना गेला, प्रशिक्षकांच्या करारातल्या बक्षिसांत गेला. खेळाडूला मिळायची मर्यादित किमतीची भेटवस्तू, एखादे घड्याळ किंवा व्हिडिओ गेमचे यंत्र. बाऊलच्या संस्था करमुक्त धर्मादाय म्हणून नोंदलेल्या असत. तरीही फिएस्टा बाऊलच्या प्रमुखाला २०११ मध्ये पदावरून दूर करावे लागले, कारण कर्मचाऱ्यांनी दिलेल्या राजकीय देणग्या संस्थेच्या पैशातून भरून दिल्याचे उघड झाले. त्याच वर्षी त्या बाऊलला गेलेल्या कनेटिकट विद्यापीठाला ठरलेल्या संख्येने तिकिटे विकत घ्यावी लागली, ती विकली गेली नाहीत आणि विद्यापीठाचा दहा लाखांहून अधिक डॉलरचा तोटा झाला. पाहुण्याला जेवणाचे पैसे भरायला लावणारा हा पाहुणचार होता.

२०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने खेळाडूंच्या मोबदल्यावरचे निर्बंध सैल केले, त्याच वर्षी खेळाडूंना आपल्या नावाचा आणि प्रसिद्धीचा पैसा घेण्याची मुभा मिळाली, आणि २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीने विद्यापीठांना थेट पैसे देण्याचा मार्ग मोकळा झाला. कष्टाला किंमत आली तेव्हा फुकट खेळायच्या सामन्याची किंमतही ठरली, आणि ती शून्याच्या जवळ निघाली. बाद फेरीने बाऊलला मारले असे म्हटले जाते. खरे तर बाद फेरीने त्याची प्रतिष्ठा घेतली, आणि खेळाडूच्या हक्काने त्याची फुकटची मजुरी घेतली. दोन्ही आधार एकदमच गेले.

मग एवढे बाऊल टिकून कसे आहेत? उत्तर पुन्हा मालकीत आहे. लहान बाऊलपैकी डझनाहून अधिक आता ईएसपीएन या क्रीडावाहिनीच्याच उपकंपनीच्या मालकीचे आहेत. नाताळच्या सुट्टीत घराघरांत लोक बसलेले असतात आणि वाहिनीला थेट खेळ हवा असतो. मैदान अर्धे रिकामे असले तरी चालते. २०१५ च्या हंगामात बाऊल इतके झाले की सहा विजय मिळवलेले संघ पुरेनात. पाच विजय आणि सात पराभव असलेल्या नेब्रास्का, मिनेसोटा आणि सॅन होजे स्टेट यांना बोलवावे लागले, आणि तिघेही जिंकले. हॉटेलवाल्यांच्या जागी वाहिनी यजमान झाली, एवढाच फरक.

या नव्या यजमानांतले काही निदान ढोंग करत नाहीत. आयडाहोच्या बटाटा बाऊलमध्ये विजेत्या प्रशिक्षकाच्या डोक्यावर तळलेले बटाटे ओततात, शार्लटच्या एका बाऊलमध्ये मेयोनीज. ऑरलँडोतल्या पॉप-टार्ट्स बाऊलमध्ये २०२३ साली खाऊच्या रूपातल्या शुभंकराला सोहळापूर्वक टोस्टरमध्ये घालून विजेत्या कॅन्सस स्टेटच्या खेळाडूंनी खाल्ले. पावित्र्याची भाषा करणाऱ्यांना हा पोरकटपणा खुपतो. पण १९०४ च्या रथशर्यती याहून गंभीर नव्हत्या. माल विकण्यासाठी भरवलेला उत्सव माल विकतो आहे, हे उघडपणे कबूल करणारा बाऊल पॅसाडेनाच्या मूळ परंपरेच्या अधिक जवळ आहे.

मोठ्या सहांची स्थिती अधिक नाजूक आहे. २०२४ च्या बाद फेरीची पहिली फेरी विद्यापीठांच्या स्वतःच्या मैदानांवर झाली. डिसेंबरच्या थंडीत भरलेली ती मैदाने पाहून पुढची फेरीही तिथेच का होऊ नये, असा प्रश्न साहजिकच आला. तटस्थ शहरात सामना नेण्याचे कारण एकेकाळी पर्यटन होते. तीन आठवड्यांत तीन शहरांत जाणे बहुतेक समर्थकांना परवडत नाही, आणि पैसा आता २०२६ पासून वर्षाला सुमारे १.३ अब्ज डॉलर देणाऱ्या वाहिनीकडून येतो. ज्या यजमानाला पाहुणा निवडता येत नाही, ज्याच्याशिवाय पंगत अडत नाही, त्याचे यजमानपण फार काळ टिकत नाही.

यातून मार्ग एकच दिसतो, आणि तो जुन्या व्यवस्थेच्याच तर्कात आहे. विजेता बाद फेरीने ठरवावा आणि तिचे सामने जिथे खेळाला सोयीचे तिथे व्हावेत. बाऊलने त्या कामातून बाहेर पडून पुन्हा निमंत्रण द्यावे, जे निमंत्रण आहे ते निमंत्रण म्हणूनच, नाकारण्याच्या मोकळ्या हक्कासह. आणि बोलावणाऱ्याने मानधन थेट खेळणाऱ्याला द्यावे. असे झाले तर चाळीसपैकी बरेच बाऊल बंद पडतील, कारण खेळाडूचे मोल देऊन उरेल इतका नफा त्यांत नाही. जे उरतील त्यांत उतरलेला प्रत्येक खेळाडू स्वतःच्या मर्जीने उतरलेला असेल, आणि सव्वाशे वर्षांत या सामन्यांबद्दल हे खात्रीने कधीच म्हणता आलेले नाही.